रिकाम्या जागेचा फोटो

तारा

‘हा तारा खोटा आहे,’ केळुसकर बाई म्हणाल्या आणि त्याच्या फोटोवर त्यांनी चहाचा कप ठेवला.

‘कप उचला बाई, डाग पडेल.’

‘पडू दे. खोट्यावर डाग पडला तर काय बिघडलं? हं, बोल. तुझ्याकडे बचाव आहे. कर.’

तारा त्यांचाच होता. त्यांनी शोधलेला, त्यांच्या नावावर लागणारा. आणि तो खरा ठरला नाही तर आमचा अवरक्त कॅमेरा कायमचा बंद होणार होता. तरीही त्याच्याविरुद्ध बोलत होत्या त्याच, कारण आमच्या गटाचा नियम तसा होता. ज्याने शोधला त्यानेच नावं ठेवायची. दुसऱ्याने बचाव करायचा. बचाव करणाऱ्याला उत्तर सुचेनासं झालं की त्याने ‘सोडला’ म्हणायचं, आणि तो तारा गेला. हा शब्द बचाव करणाऱ्याखेरीज कुणी उच्चारायचा नाही. शोधणाऱ्याला माघारही घेता येत नाही आणि तारा सोडताही येत नाही. त्याने आपलं झोडपत राहायचं.

नियम बाईंनी घातलेला. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

वेधशाळेच्या जेवणघरात बसलो होतो. खिडकीबाहेर माण तालुक्यातलं ते उघडंबोडकं पठार, वाळलेलं कुसळी गवत, आणि पठाराची कड संपते तिथून खाली उतरणारा घाटरस्ता. त्या रस्त्याने आमचे संचालक, डॉ. सबनीस, जीपने येणार होते. जेवायच्या वेळेपर्यंत. तारा बघायला.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची. बाईंची विद्यार्थिनी, प्रबंध अर्धा. टेबलाखाली माझा पाय सारखा हलत होता.

‘हर्षदा, तो पाय आवर. माझा कप नाचतोय.’

बाजूला

नाही. असं सरळ सांगणं मला जमणार नाही.

अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या प्रकाशात काम केलेल्या माणसाला एका जागी टक लावून बसता येत नाही. डोळ्यांना काळं दिसणारं आकाश आमच्या कॅमेऱ्याला तापल्या तव्यासारखं दिसतं. तारा त्या तव्यावर पडलेली मोहरी. म्हणून आधी ताऱ्याचा फोटो घ्यायचा. मग दुर्बीण जराशी बाजूला सरकवून रिकाम्या आकाशाचा घ्यायचा. पहिल्यातून दुसरा वजा करायचा. तवा जातो, मोहरी उरते. मग परत तारा. परत बाजूला. रात्रभर मान अशी.

त्या दिवसाचं सांगायला बसले की अजून माझी मान तशीच फिरते. चालवून घ्या.

तारा

‘पहिला आक्षेप,’ बाई संत्रं सोलत म्हणाल्या. ‘तांबडा आहे म्हणून तू त्याला थंड म्हणतेस. रोहिणीच्या त्या बाजूला धुळीचे ढग आहेत. धुळीमागचा कुठलाही चांगला तापलेला ताराही तांबडाच दिसतो. मावळतीचा सूर्य थंड असतो का?’

‘तांबडेपणावर मी बोलतच नाहीये. मी मिथेनवर बोलतेय.’

दार ढकलून फेलिक्स आत आला. फेलिक्स डाबरे, कॅमेऱ्याचा इंजिनियर, वसईचा. काखेत जाड हातमोजे, म्हणजे आत्ताच कॅमेऱ्याच्या टाकीत द्रव नायट्रोजन भरून आला होता. आमचा कॅमेरा स्वतःच गार नसेल तर त्याला स्वतःचीच ऊब दिसत राहते.

‘गोबरगॅसचा खटला कुठवर आलाय?’

‘बस. हिची फजिती बघ,’ बाई म्हणाल्या.

‘माझी नाही, तुमच्या आक्षेपांची, बाई.’

‘ऐकलंस? जीभ बघ हिची. शाबास.’

गोबरगॅस हा फेलिक्सचा शब्द, पण चुकीचा नव्हता. आम्ही तपकिरी बटू शोधत होतो. तारा व्हायला निघालेला आणि वजन कमी पडल्यामुळे व्हायचा राहून गेलेला गोळा. आत भट्टी पेटत नाही. जन्माची जेवढी ऊब मिळाली तेवढी घालवत तो अंधारात बसतो. पुरेसा थंड झाला की त्याच्या हवेत मिथेन टिकून राहतो, गोबरगॅसमधला तोच. आणि मिथेन अवरक्तातला एक ठरावीक पट्टा गिळून टाकतो. आमच्याकडे नेमक्या त्या पट्ट्याची एक काच होती. एकच. ती कॅमेऱ्यासमोर फिरवली की साधे तारे जसेच्या तसे राहतात, धुळीमागचेही राहतात, आणि मिथेनवाला विझल्यासारखा होतो. साध्या अवरक्त काचेतून ठळक, मिथेनच्या काचेतून मंद: हा पुरावा.

त्यावर आमची सगळी वर्गवारी चालायची. तांबडे तारे गोळा करायचे, एकेक करून काचेखालून काढायचे. धुळीमागचा. धुळीमागचा. म्हातारा, फुगलेला. धुळीमागचा. दोन हिवाळे हेच. तिसऱ्या हिवाळ्यात हा एक. साध्या काचेतून ठणठणीत, मिथेनच्या काचेतून अर्ध्याच्याही खाली.

‘धुळीने मिथेनच्या काचेत असा खड्डा पडत नाही,’ मी म्हणाले. ‘आक्षेप फेटाळा.’

‘फेटाळला. दुसरा. त्या रात्री ढग येत-जात होते.’

‘त्याच फोटोतले शेजारचे तारे मंद झालेले नाहीत. ढग काय एकट्या त्याच्यावरच आला?’

‘येतात असे ढग काही लोकांच्या नशिबी,’ फेलिक्स म्हणाला.

‘तू मध्ये बोलू नकोस. तुझ्याकडे येणारच आहे मी.’ बाईंनी त्याला संत्र्याच्या दोन फोडी दिल्या. मग कप उचलला आणि फोटोवर बोट ठेवलं. ‘ही काय आहे?’

ताऱ्याच्या ठिपक्याला एका अंगाने बारीक काळी कड होती. नखाची कोर असावी तशी.

‘काचेवरची धूळ,’ फेलिक्स म्हणाला.

‘काच तुझी. धूळ तुझी. पुसली का नाहीस?’

‘कॅमेरा उघडायचा म्हणजे आधी गरम करायचा, मग परत थंड. आठवडा गेला असता. तुम्हीच म्हणालात, राहू दे.’

‘मी काय वाट्टेल ते म्हणते,’ बाई म्हणाल्या. त्या मजेत होत्या. खरंच मजेत होत्या, ते मला आत्ताही दिसतं.

बाजूला

सबनीसांनी दिवाळीतच सांगून टाकलं होतं. दुर्बीण राहील, कॅमेरा जाईल. नायट्रोजनची टाकी खालून आणायची, फेलिक्सने सगळा हिवाळा डोंगरावर काढायचा, आणि हातात काय? साध्या ताऱ्यांच्या याद्या. ‘एक तरी खरा थंड तारा दाखवा केळुसकर बाई, मग मला वर भांडता येतं.’

शुक्रवारी बाईंनी त्यांना फोन केला होता. ‘आहे एक.’ फोन ठेवून त्या अंगणात गेल्या होत्या आणि उगाचच दोरीवरचे फेलिक्सचे मोजे उलटे करून वाळत घातले होते.

त्यांना पहिल्या दिवशी मी मॅडम म्हटलं होतं. ‘मॅडम पोस्टात बसतात,’ म्हणाल्या. ‘मला बाई म्हण.’

तारा

‘जीप,’ फेलिक्स म्हणाला.

खाली, घाटाच्या तळाशी, धुळीचा एक पुंजका. अजून बरंच अंतर होतं. वळणाआड गेला.

‘येऊ देत,’ बाई म्हणाल्या. ‘शेवटचा आक्षेप. मग जेवायला बसू. रिकाम्या आकाशासाठी बाजू कुठली घेतली होती?’

हा प्रश्न त्या नेहमी विचारायच्या. विचारायचा म्हणून. देवळात घंटा वाजवावी तसा.

‘मावळतीची.’

‘मावळतीची? आपण तर नेहमी उगवतीला सरकतो.’

‘साध्या काचेचे फोटो घेतले तेव्हा उगवतीलाच सरकलो होतो. पण मिथेनच्या वेळी बराच वेळ उघडं ठेवायचं होतं आणि उगवतीला तो ठळक तारा आहे. त्याची भुतं, खोटे ठिपके, उमटायला लागली. तुम्हीच सांगितलंत, मावळतीला घ्या.’

‘मी सांगितलं. बरोबर सांगितलं. मावळतीला रिकामं होतं?’

‘होतं.’

‘कशावरून?’

‘नकाशावरून. आपण दोघींनी मिळून बघितलं. एक ठिपका नाही. काळंभोर.’

‘कुठल्या नकाशावरून?’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आकाशाचा तो मोठा नकाशा, त्याची काळ्या फोटोंची जाड पानं, घुमटाखाली, संगणकाच्या शेजारच्या खोलीत मेजावर उघडीच पडलेली होती. वर्षानुवर्षं जगभरच्या वेधशाळांत तोच वापरायचे. फोटो उत्तम. बारीकातला बारीक तारा त्यात असायचा. फोटो साध्या प्रकाशातले. डोळ्यांना दिसतो त्या.



बाईंच्या हातातली संत्र्याची फोड तोंडापर्यंत गेली नाही.

‘फेलिक्स,’ त्या म्हणाल्या, ‘त्या रात्रीचे रिकाम्या जागेचे मूळ फोटो आहेत?’

‘आहेत. पण ते कोण बघतं? त्यात काय असतं बघायला?’

खरं होतं. वजाबाकी यंत्रच करायचं. आम्ही उरलेली मोहरी बघायचो. तवा कुणी बघितला नव्हता.

बाजूला

थांबा. हे नीट सांगायला हवं.

आम्ही तिघंही लोकांना एकच गोष्ट समजावत फिरायचो. शाळांतून, महाविद्यालयांतून. डोळ्यांना रिकामं दिसतं ते रिकामं नसतं. धुळीच्या ढगात साध्या प्रकाशाला काळंभोर दिसतं, तिथे अवरक्तात तारे लखलखत असतात. त्यावर बाईंचं व्याख्यान होतं. टाळ्या पडायच्या.

आणि मावळतीचं आकाश रिकामं आहे का, हे आम्ही डोळ्यांच्या नकाशात बघून ठरवलं. धुळीच्या ढगात.

आज सगळ्या आकाशाचा अवरक्त नकाशा घरबसल्या उघडता येतो. तेव्हा नव्हता. पण नव्हता म्हणून आम्ही तसं केलं असं नाही. आम्हाला सुचलंच नाही.

तारा

संगणक दुर्बिणीच्या घुमटाखालच्या खोलीत होता. फेलिक्सने फोटो उघडला. राखाडी, सगळीकडे सारखा, भाजत ठेवल्यासारखा.

‘बघा. काही नाही.’

‘गडद कर,’ बाई म्हणाल्या.

त्याने केला. अजून केला.

मधोमध, आमचा तारा वजाबाकीत जिथे बसला होता जवळजवळ तिथेच, एक ठिपका आला. बारीक, पण स्वच्छ गोल. काचेवरची धूळ अशी गोल नसते.

म्हणजे आम्ही आमच्या ताऱ्यातून रिकामं आकाश वजा केलं नव्हतं. दुसरा एक तारा वजा केला होता. धुळीमागचा, नकाशावर नसलेला. त्याने आमच्या ताऱ्याचा उजेड खाल्ला होता. केसभर सरकून बसला होता म्हणून एका अंगाने काळी कड उमटली होती. साध्या काचेच्या वेळी आम्ही उगवतीला सरकलो होतो, तिथे खरंच काही नव्हतं, म्हणून तिथे तारा ठणठणीत. आणि मिथेनच्या काचेत अर्ध्याखाली. थंड म्हणून नाही.

‘नेमका तिथेच,’ मी म्हणाले. ‘इतकं नेमकं कसं बसेल? लाखात एक.’

‘लाखात एक म्हणजे फार नाही,’ फेलिक्स हळू म्हणाला. ‘आमच्या वसई तालुक्यातच सात-आठ निघतील.’

कुणी हसलं नाही. तोही नाही.

बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. ‘मी आपली नुसती नावं ठेवत होते गो,’ त्या म्हणाल्या. ‘नियम म्हणून.’

हा ‘गो’ त्यांच्या वेंगुर्ल्याकडचा. इतक्या वर्षांत मी तो तीन-चार वेळाच ऐकला असेल.

मग एकदम सावरल्या. ‘आकडे काढ. त्याचा उजेड परत घाल आपल्या ताऱ्यात. बघू काय उरतं.’

मी आकडे काढले. परत काढले. खाल्लेला उजेड परत घातल्यावर तारा मिथेनच्या काचेतही जवळजवळ साध्यासारखाच दिसत होता. जवळजवळ. किंचित कमी.

‘उरतंय,’ बाई म्हणाल्या.

‘बाई, हे आपल्या मोजमापाच्या चुकीइतकंच आहे.’

‘उरतंय की नाही?’

‘तेवढं माझ्या चष्म्यावरही उरतं, पुसल्यावर,’ फेलिक्स म्हणाला.

‘तुला विचारलं नाही मी!’ बाईंचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. मग त्या माझ्याकडे वळल्या. ‘तुझ्याकडे बचाव आहे. थोडा थंड असेल. मिथेन नुकता धरायला लागलेला असेल. असे असतात. कर बचाव. बोल ना! मघाशी तर जीभ चालत होती.’

खिडकीतून रस्ता दिसत होता. जीप अर्ध्या घाटात, ऊन लागून तिची काच एकदा चमकली. मला उठावंसं वाटत होतं आणि बसावंसं वाटत होतं. घशाशी बचाव तयार होता, त्यांनीच घालून दिलेला, आणि तो अगदीच खोटा नव्हता. तेच वाईट होतं. फेलिक्सने हातमोजे घातले आणि काढले. परत घातले.

‘बाई,’ मी म्हणाले, ‘तुम्ही विरोधी आहात. तुम्ही त्याची बाजू घेताय.’

‘मला नियम शिकवू नकोस.’

‘नाही शिकवत.’

‘मग?’

‘सोडला,’ मी म्हणाले.

बाजूला

बाजूला काही नाही.

तारा

डॉ. सबनीस उंच, वाकलेले, अतिशय सभ्य. साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. जीपमधून उतरता उतरता म्हणाले, ‘आधी पेढे की आधी तारा?’

‘तारा नाही,’ बाई म्हणाल्या.

‘म्हणजे?’

‘म्हणजे तारा आहे. थंड नाही. आम्ही चुकलो.’

त्यांनी पुडा जीपच्या बॉनेटवर ठेवला. ‘केळुसकर बाई, शुक्रवारी तुम्ही मला फोनवर...’

‘शुक्रवारी मी शोधणारी होते. आज सकाळपासून विरोधात आहे.’ त्यांनी माझ्याकडे बोट केलं. ‘बचाव हिच्याकडे होता. हिनं सोडला. काय विचारायचं ते हिला विचारा.’

आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. डोंगरावरची सगळ्यात लहान मी. ज्या माणसाच्या एका सहीवर कॅमेरा, फेलिक्सची नोकरी आणि माझा प्रबंध अवलंबून होता, त्याच्यापुढे त्यांनी मला ढकललं होतं आणि स्वतः बाजूला झाल्या होत्या. पुढे कितीतरी दिवस मला त्या दोन पावलांचा राग होता.

‘आपण कोण?’ सबनीसांनी विचारलं. मी नाव सांगितलं. मग काय झालं तेही सांगितलं. नकाशा, मावळतीची बाजू, ठिपका. ते मधून मधून मान हलवत होते. बारकाईने ऐकणारा माणूस. सगळं कळत होतं त्यांना.

‘म्हणजे थोडं काही उरतंय,’ ते म्हणाले.

‘चुकीच्या मर्यादेत, सर.’

‘हो, पण उरतंय.’ त्यांनी आवाज खाली आणला. आवाजात कावा नव्हता, कळकळ होती. ‘हे बघा हर्षदाताई. मलाही हा कॅमेरा काढायची हौस नाही. मला तुमच्याकडून एकच वाक्य हवं. तुम्हाला खात्री आहे की तो साधाच तारा आहे? खात्री नसेल, तर मी वर कळवतो: तपास चालू आहे. पावसाळा लागेपर्यंत कुणी कॅमेऱ्याला हात लावणार नाही. खात्री नाही, एवढंच म्हणा.’

फेलिक्स जीपच्या चाकाकडे बघत होता. वाऱ्याने कुसळं उडत होती, माझ्या ओढणीला चिकटत होती, मी एकेक उपटत होते. खात्री नाही. दोन शब्द. विज्ञानात तर ते सभ्यपणाचे शब्द. कुठल्याही परीक्षकाने मला शंभरदा शिकवले असते. आणि पावसाळ्यापर्यंत किती रात्री होत्या! खरा थंड तारा मिळालाही असता.

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या घाटाकडे तोंड करून उभ्या होत्या.

‘साधा तारा आहे, सर,’ मी म्हणाले. ‘खात्री आहे.’

सबनीस जरा वेळ थांबले, मी अजून काही बोलेन म्हणून. मग चष्मा काढून पुसला. ‘ठीक,’ म्हणाले. ‘महिनाअखेर कॅमेरा खाली पाठवा.’

जेवले. सगळ्यांशी नीट बोलले. भाकरी चांगली झाल्याचं सांगितलं. पेढे ठेवून गेले.

बाजूला

जीप गेली तेव्हा बाई पठाराच्या कडेला जाऊन बसल्या. मी गेले नाही. मग राहवेना म्हणून गेले. काय बोलायचं ते चालता चालता घोकत होते, सगळं रागाचं.

‘बस,’ त्या म्हणाल्या.

मी उभीच राहिले. ‘तुम्ही मला पुढे का केलंत?’

‘तुला खात्री होती?’

‘ते नंतर. आधी हे सांगा.’

‘मी विचारते त्याचं उत्तर दे. होती?’

‘आपण रोज ज्या आकड्यांवर तारे निकालात काढतो, त्या आकड्यांइतकी होती. दुसऱ्या कुणाचा तारा असता तर मी दुसऱ्यांदा आकडेही काढले नसते.’

त्यांनी मान हलवली.

‘मला विचारलं असतं ना त्यांनी,’ त्या म्हणाल्या, ‘तर मी म्हणाले असते, खात्री नाही. तोंडावर आलंच होतं. आणि ते खोटंही झालं नसतं. कुणी मला खोटारडी म्हटलं नसतं. आणि मग पावसाळ्यापर्यंत मी रोज त्या उरलेल्या चिमूटभराकडे बघत बसले असते. दुसरा तारा शोधलाच नसता. तेच मोजत बसले असते, वाढतंय का, वाढतंय का.’

मी बसले.

‘हा नियम मी तुमच्यासाठी केला असं वाटतं का तुम्हाला? मी माझ्यासाठी केला. एकदा एक प्रकरण झालं होतं, तू यायच्या आधी. जाऊ दे. सोडायचा शब्द शोधणाऱ्याच्या तोंडी ठेवायचाच नाही. शोधणारा नावं ठेवतो ना, तेव्हाही तो लाडच करत असतो. तू ऐकलंस ना मघाशी मला? आईनं पोराला काळतोंड्या म्हणावं तसं चाललं होतं माझं.’

‘मग तुम्ही बचाव कर, बचाव कर म्हणून ओरडत का होतात?’

‘कारण तू करशील असं वाटत होतं,’ त्या म्हणाल्या. ‘आणि करू नयेस असंही वाटत होतं. दोन्ही एकदम. आता कळलं का, माझ्यावर का सोपवायचं नाही ते?’

खालून गुरं परतत असल्याचा आवाज येत होता. माझा पाय हलत होता. या खेपेला त्यांनी हटकलं नाही.

तारा

दिवेलागणीला फेलिक्स घुमटातून बाहेर आला. ‘मी टाकी परत भरली नाही,’ तो म्हणाला. ‘भरू का, ते विचारायला आलोय. नाही भरली तर कॅमेरा उद्या दुपारपर्यंत थंड राहील, मग आपोआप गरम होत जाईल. सावकाश झालेलं बरं, काचा तडकत नाहीत.’

‘नको भरू,’ बाई म्हणाल्या.

‘बरं.’

‘पण उद्या दुपारपर्यंत आहे ना?’

‘आहे.’

‘मग चला. त्या बाजूच्याकडे बघून घेऊ एकदा. आपला उजेड खाल्ला त्याने, आणि आपण त्याच्याकडे एकदाही सरळ बघितलेलं नाही.’

अंधार पुरता पडलाही नव्हता. रोहिणी वर आली होती. फेलिक्सने दुर्बीण आमच्या ताऱ्यावर नेली आणि तिथून मावळतीला सरकवली. ज्या जागेला आम्ही रिकामी म्हणत होतो ती पहिल्यांदाच पडद्याच्या मधोमध आली. फोटो उमटला, आणि त्या राखाडीत तो एकटाच होता. बारीक, गोल. साधाच असणार, धुळीमागचा. यादीत त्याच्यापुढे तोच शब्द लागणार होता जो इतर सगळ्यांपुढे लागला होता. बाई पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघत होत्या.

‘आता बाजूचं आकाश,’ फेलिक्स बटणावर बोट ठेवून म्हणाला. ‘कुठे सरकू? उगवतीला की मावळतीला?’

मी सवयीने शेजारच्या खोलीत गेले, नकाशाची ती जाड पानं दोन्ही हातांत उचलून घेऊन आले आणि मेजावर उघडायला लागले.

‘ते ठेव,’ बाई म्हणाल्या. ‘फेलिक्स, कुठेही सरक. आणि मग तिथेही बघ.’

त्याने दुर्बीण सरकवली. आम्ही तिघंही पडद्यावर वाकलो.